परदेशी गेलेल्या जवानाला फराळ पाठवताना



गेल्या महिन्यात तीन गावांच्या गटांकडून आम्हाला जवळजवळ सारखाच प्रश्न आला. गावातला मुलगा फौजेत आहे, पलटणीबरोबर परदेशात गेला आहे, यंदा दिवाळीला गटातर्फे त्याला फराळ पाठवायचा आहे. तो पाठवायचा कसा? एका ताईंनी विचारलं, पार्सलवर लेबनॉनचा पत्ता घातला तर पोचेल का? दुसऱ्या गावच्या वहिनी म्हणाल्या, कुरिअरवाल्याने सांगितलेले पैसे ऐकून फराळाची चवच गेली. म्हणून आज या एकाच विषयावर बोलू.

काहीजणींना वाटेल, आपली सरहद्द इथे, मग आपले जवान परदेशात कशाला? तर संयुक्त राष्ट्रसंघ, म्हणजे सगळ्या देशांची मिळून जी संघटना आहे, ती जिथे लढाई थांबवून लोकांना सांभाळायचं असतं तिथे वेगवेगळ्या देशांचे सैनिक नेमते. तिला शांतिसेना म्हणतात. टीव्हीवर निळ्या टोपीतले जवान दिसतात ते हेच. आजवर २ लाखांहून जास्त भारतीय या कामावर जाऊन आले आहेत, आणि त्यातले दीडशेहून अधिक परत आले नाहीत. लेबनॉन, दक्षिण सुदान, काँगो, गोलान ही नावं शाळेत कधी न ऐकलेल्या कितीतरी घरांत आता रोज घेतली जातात. साधारण वर्षभराची ड्युटी असते. वर्ष म्हणजे एक गणपती, एक दिवाळी, एक संक्रांत आणि लेकराचा एक वाढदिवस.

आपल्या भागाला हे नवीन नाही. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव घ्या. मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ते ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. त्यांच्या आयाबायकांना तेव्हा नकाशात बोट ठेवून जागा दाखवणारंही कुणी नसेल.

आता पत्त्याचं. लेबनॉनचा पत्ता घालायचा नाही. कुठल्याच देशाचा, गावाचा, छावणीचा घालायचा नाही. फौजेचं टपाल खातं वेगळं आहे. जवान कुठे आहे हे पाकिटावरून कुणालाही कळू नये म्हणून ते असं चालतं, की सगळं टपाल आधी एका मोठ्या ठाण्यावर जातं आणि तिथून पुढे फौजेची माणसं ज्याचं त्याला पोचवतात. अशी मोठी ठाणी दोन आहेत. दिल्लीच्या ठाण्याचा पत्ता ‘५६ एपीओ’, कोलकात्याच्या ठाण्याचा ‘९९ एपीओ’. फौजींच्या घरात ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ हे शब्द पोरांनासुद्धा पाठ असतात. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस.

पत्त्यात जवानाचा नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, कंपनी, पलटणीचं नाव, पिनकोड आणि शेवटी केअर ऑफ ५६ एपीओ, एवढंच येतं. पिनकोड नीट बघा. आपल्या महाराष्ट्राचा पिनकोड ४ ने सुरू होतो, फौजेचा ९ ने. घरात जुन्या पत्रावर पलटणीचा पिन असेल तो परदेशी गेल्यावर तोच राहील असं धरून चालू नका. त्यालाच विचारा आणि तो सांगेल तसा, त्याच्याच शब्दांत, कागदावर उतरवून घ्या. त्याच फोनवर आणखी एक विचारून ठेवा, की तिथवर पार्सल येतं का, किती वजनाचं येतं, की नुसती पत्रंच येतात. प्रत्येक ठिकाणची सोय सारखी नसते. पार्सलची सोय नसेल तर रजेवर आलेला त्याच पलटणीतला कुणी परत जाताना किलो-दोन किलो नेतो का, हे तोच सांगू शकतो.

एपीओच्या पत्त्याचं टपाल आपल्या पोस्टाच्या हिशेबी देशातलंच टपाल असतं, म्हणून पैसेही देशातल्या दराने लागतात. कुरिअरवाला परदेशाचा भाव सांगतो तो त्यामुळेच भलता वाटतो. आणि खाजगी कुरिअर पलटणीच्या दारापर्यंत जाईल अशी आशा तर मुळीच धरू नका.

पत्ता इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण दिल्लीत पार्सलं लावणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही. खाली मराठीत लिहायला हरकत नाही. हाच पत्ता एका कागदावर लिहून पार्सलच्या आतही ठेवा. वरचा कागद भिजला, फाटला, तर आतला कामी येतो.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने निधी गोळा झाला आणि लढाईवरच्या प्रत्येकाला पितळेची एक डबी पाठवायचं ठरलं. गोऱ्या शिपायांच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी. पण तेव्हा फ्रान्समध्ये हिंदुस्थानी फौजही चिखलात उभी होती. शिखांना तंबाखू चालत नाही, म्हणून त्यांच्या डबीत खडीसाखर घातली आणि सोबत मसाल्याचा डबा दिला. बाकीच्या बहुतेक हिंदुस्थानी शिपायांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. पाणी वाहणाऱ्या भिस्त्यांना आणि त्यांच्यासारख्या बाकीच्या कामकऱ्यांनाही मसाल्याचा डबा मिळाला. राज्य त्यांचं, लढाई त्यांची, सगळं खरं. पण डबी भरताना कुणीतरी विचारलं होतं, की हा खातो काय? आपल्याकडे ओट्यावर बसून आपणच ठरवतो की त्याला बेसनाचे लाडू आवडतात. ते पाच वर्षांपूर्वी आवडत होते. आता विचारा.

तिथे खायला मिळत नाही असं समजू नका. शांतिसेनेतल्या जवानाला रसद मिळते, त्यांचे स्वयंपाकी असतात, डाळ-भात-पोळी होते. कमी असते ती घरच्या चवीची. म्हणून पोट भरेल असं नाही, जेवणाला चव आणेल असं पाठवा. आणि एकट्यापुरतं पाठवू नका. फौजेच्या एका सेक्शनमध्ये दहा जण असतात. डबा उघडला की दहा हात येणार, आणि ते यावेतच. त्यातले सगळे मराठी असतीलच असं नाही, तेव्हा तिखटाचा हात थोडा आवरता घ्या.

आता फराळ. आपल्या आवडीचा विषय, म्हणून जरा सावकाश बोलू. महिनाभर प्रवास होणार असं धरा. दिल्लीपर्यंत गाडी, पुढे विमान, मग तिथल्या रस्त्याने. दक्षिण सुदानात कितीतरी भागात आपल्यासारखीच काळी माती आहे आणि पावसाळ्यात रस्ते बंद होतात. आपल्या पांदीत ट्रॅक्टर रुततो, तसंच. तिथे ऊनही असं, की तुपातला लाडू डब्यातच बसका होईल. उलट लेबनॉनच्या डोंगरात हिवाळ्यात बर्फ पडतं, तिथे तूप गोठून लाडू दगड होतो. म्हणजे ठिकाण बघून फराळ.

पदार्थाला दोन शत्रू, पाणी आणि हवा. पाणी राहिलं की बुरशी येते, हवा लागली की तेल खवट होतं. ओल्या नारळाची करंजी, खव्याचं काहीही, दुधातलं काहीही नको. पाकातला रव्याचा लाडू करायचा तर त्यात ओलं खोबरं घालू नका. बेसनाचा लाडू टिकतो, पण बेसन नीट खमंग भाजलेलं हवं. कच्चट राहिलं तर तोच आधी वास धरतो. शंकरपाळी सगळ्यांत शहाणी. तुटत नाही, वितळत नाही, महिन्याने खाल्ली तरी तशीच. चकली प्रेमाने करतो, पण ती पोचते चुऱ्याच्या रूपात. तिच्याऐवजी जाड शेव किंवा कडबोळी घाला. अनारसे पाठवायचा हट्ट आमच्यातल्या एकीने धरला होता. तिला आम्ही सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं.

फराळापेक्षा जेवणाबरोबर लागणाऱ्या गोष्टींना जास्त मान मिळतो, असं फौजीच सांगतात. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला. शेंगदाण्याच्या चटणीत तेल सुटतं आणि तेच पुढे खवट होतं, म्हणून दाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कुटा. गरम असताना डब्यात भरली तर झाकणाला वाफ धरते आणि आठ दिवसांत बुरशी. लसूण घालायचा तर तो आधी तळून किंवा वाळवून. कच्चा लसूण म्हणजे पाणी. कांदा-लसूण मसाल्याचंही तसंच, कांदा अगदी कुरकुरीत वाळलेला हवा. सोलापूरकडच्या बायका बाजरी-ज्वारीची कडक भाकरी करतात, ती महिना-दोन महिने राहते. कागदासारखी पातळ आणि वजनाला हलकी. जेवताना चुरून वर आमटी घातली की झालं. ज्यांना येते त्यांनी तीच पाठवावी. लाडूच्या चार डब्यांपेक्षा ती जास्त बोलते.

लोणचं नको. तेल गळतं आणि एका बरणीपायी दहा जणांची पार्सलं खराब होतात. काचेची बरणी तर बिलकुल नको. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे लहान डबे घ्या, झाकणाला बाहेरून चिकटपट्टी मारा. एक मोठा डबा करण्यापेक्षा चार छोटे बरे, एक फुटला तरी तीन राहतात. मधली रिकामी जागा रद्दीने न भरता पायमोजे, हातरुमाल, बनियन यांनी भरा. जागाही भरते आणि वस्तूही कामाला येतात. खोकं बंद करून कानाशी हलवा. आत खुळखुळलं तर परत उघडा.

काही गोष्टी विमानाने जातच नाहीत, आणि त्यातल्या दोन-तीन नेमक्या आपल्या पूजेच्या ताटात असतात. कापूर पटकन पेट घेतो म्हणून चालत नाही. काडेपेटी, लायटर, फवारा मारायचं अत्तर, फटाके चालत नाहीत. सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटीसुद्धा तेलामुळे धोक्याच्या सामानात धरतात, म्हणून ती नको. मोबाइलची बॅटरी, पॉवरबँक नको. पाकिटात नोटा घालून पाठवू नका. गावच्या मातीची पुडी, तुळशीचं रोप, बी-बियाणं हे भावनेने कितीही मोठं असलं तरी परदेशात माती आणि बियाण्यावर कडक बंदी असते. त्यापायी अख्खं पार्सल अडकू शकतं. कुंकवाची आणि अंगाऱ्याची छोटी पुडी कागदात घडी घालून चिठ्ठीत ठेवतात बऱ्याचजणी. औषधं मात्र मनाने घालू नका, चूर्ण-काढेसुद्धा. तिथे त्यांचा डॉक्टर असतो.

चिठ्ठीशिवाय पार्सल पाठवायचं नाही, हा आमचा आग्रह आहे. फोन होतो, व्हिडिओवर तोंड दिसतं, मग चिठ्ठी कशाला, असं सुना म्हणतात. पण फोनवर दोघं काय बोलतात ते आपल्याला माहीत आहे. तो म्हणतो मी मजेत, ही म्हणते आम्ही पण मजेत. तेवढ्यात नेटवर्क जातं. चिठ्ठी रात्री परत काढून वाचता येते. त्यात फार मोठं लिहायला नको. पाऊस कधी पडला, म्हैस व्याली का, सोयाबीन काय भावाने गेलं, शेजारच्या आजींचा गुडघा कसा आहे. लेकराचा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. लेकरू भिंतीशी उभं करून उंचीएवढा दोरा तोडा आणि घडी करून घाला. बापाला तो दोरा आपल्या अंगाला लावून बघता येतो, की पोर कुठवर आलं.

काय लिहायचं नाही तेही सांगायला हवं. पलटण कुठे आहे, कधी निघणार, परत कधी येणार, किती जण आहेत, यातलं काही नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदुस्थानी शिपायांची पत्रं मधे उघडून वाचायला इंग्रज सरकारने खास अधिकारी नेमले होते, आणि त्या पत्रांचे उतारे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपण आता कुणी वाचो न वाचो, आपणच सांभाळून लिहायचं. आणि पार्सलचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकू नका. फोटोत पत्ता दिसतो, नंबर दिसतो, पलटण दिसते. गटाचं नाव झालं पाहिजे हे बरोबर, पण त्यासाठी लाडू वळतानाचा फोटो पुरे.

गटाचं काम म्हणून हे करणार असाल तर दोन गोष्टी आधी ठरवा. बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही. ज्यांना जमेल त्यांनी वेगळे दहा-वीस रुपये किंवा वाटीभर दाणे द्यावेत, वहीत लिहावं, टपालाची पावती वहीला टाचावी. आणि दुसरं, पार्सल त्याच्या घरातून गेलं पाहिजे. गटाने परस्पर डबा करून पाठवला आणि त्याच्या बायकोला नंतर कळलं, असं होऊ देऊ नका. तिच्याच घरी जमा. परात तिची, चूल तिची, भाजायला हात आपले सगळ्यांचे. त्या वर्षभरात तिच्या घरी सांत्वनाला येणारे पुष्कळ असतात, कामाला येणारं कुणी नसतं. शेत तिनेच बघायचं, सासूचं दवाखान्याचं तिनेच, पोराची फी तिनेच. दुपारभर सहा बायका ओट्यावर बसून लाडू वळतात तेव्हा ती जे बोलते ते फोनवर कधी बोललेली नसते. ऐकून घ्या. लगेच धीर द्यायची घाई करू नका.

आईची चिठ्ठी वेगळ्या पाकिटात, बायकोची वेगळ्या. दोन्ही चिकटवून. बायकोची चिठ्ठी गटाने वाचायची नाही, सासूबाईंनीही नाही. ज्या माउलीला लिहिता येत नाही तिची चिठ्ठी लिहायला तिने निवडलेली मैत्रीण बसेल. बाकीच्यांनी तेवढा वेळ चहा करावा.

आता एक सावधगिरीचं. फौजीच्या घरी असे फोन येतात: मी कस्टममधून बोलतोय, तुमच्या मालकांनी परदेशातून पाठवलेलं पार्सल अडकलंय, अमुक एवढे पैसे लगेच भरा नाहीतर केस होईल. कधी फोनवरचा माणूस स्वतःच फौजी असल्याचं सांगतो, गणवेशातला फोटो पाठवतो, ओळखपत्र पाठवतो. हे चोर असतात. पैसे भरायचे नाहीत, फोनवर आलेला आकडा म्हणजे ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर त्याच घडीला १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर तितके ते पैसे हाताबाहेर जातात. तसंच, कुणी पावतीपुस्तक घेऊन जवानांसाठी वर्गणी मागायला आलं तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. ज्यांच्या गावचं कुणी परदेशात नाही पण काही द्यावंसं वाटतं, त्यांच्यासाठीही तेच कार्यालय आहे. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून. त्या निधीला दिलेले पैसे शहीद जवानांच्या घरच्यांसाठी आणि माजी सैनिकांसाठी जातात. ‘कोणीही एक जवान’ असा पत्ता घालून लाडू पाठवू नका, ते कुणापर्यंतच पोचत नाहीत.

वेळेचा हिशोब तिथी धरून केला की लक्षात राहतो. दिवाळीचा फराळ घटस्थापनेला पोस्टात पडला पाहिजे, म्हणजे बरोबर महिना मिळतो. राखी आषाढी एकादशीच्या आसपास. राखीसाठी पोस्टात पाण्याने न भिजणारी खास पाकिटं मिळतात, ती घ्या. संक्रांतीचा तिळगूळ डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. वड्या करण्यापेक्षा कोरडा हलवा पाठवा, तो चिकटत नाही. स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या नंबरावरून पार्सल कुठवर गेलं ते बघता येतं. दिल्लीपर्यंतचं दिसतं आणि मग काही दिवस पुढे काहीच दिसत नाही. तेव्हा घाबरू नका, ते फौजेच्या हातात गेलेलं असतं.

आणि तो रजेवर घरी आला की गटाने त्याला बोलवा. कौतुक, हारतुरे होतीलच. त्याला वही दाखवून विचारा, काय धड पोचलं, काय फुटलं, कशाला वास आला, काय पहिल्या दिवशीच संपलं. तो आईसमोर सगळंच छान होतं असं म्हणेल, म्हणून आई आत गेल्यावर परत विचारा. सांगेल ते त्याच वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या आळीचा मुलगा जाईल, तेव्हा वही त्या घरी द्या.